सरकती कुरणं

क्रोझे बेटांवरच्या वांडरिंग अल्बट्रॉसचं अंडं उबायला अकरा आठवडे लागतात. अंडं एकच असतं. नर आणि मादी पाळीपाळीने त्यावर बसतात आणि बसलेला पक्षी आपली पाळी संपेपर्यंत उपाशी असतो. दुसरा समुद्रावर गेलेला असतो. कधी तो आठवडाभरात परततो, कधी तीन-चार आठवडे लावतो. फारच उशीर झाला तर घरचा पक्षी अंडं टाकून निघून जातो. एवढा वेळ हा जोडीदार असतो कुठे, हे १९८९ पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. खलाशांना भर समुद्रात अल्बट्रॉस दिसत, दिवसेंदिवस जहाजामागे उडत. पण दिसलेला पक्षी कोणत्या बेटाचा, त्याच्यामागे अंडं आहे की तो बिनलग्नाचाच हिंडतोय, हे जहाजावरून कळायला मार्ग नव्हता.

क्रोझे हा फ्रान्सच्या ताब्यातला, वाऱ्याने झोडपलेला बेटांचा पुंजका. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, ४६ अंश अक्षांशाच्या आसपास. १९८९ साली पिएर जुव्हेंतँ आणि आंरी वायमर्सकिर्श या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिथल्या काही नरांच्या पाठीवर उपग्रहाकडे संदेश धाडणारी यंत्रं बसवली. एकेक यंत्र सुमारे १८० ग्रॅमचं, दहा किलोच्या पक्ष्याला पेलेल असं. पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आलेले आकडे आजही दोनदा वाचावे लागतात. अंड्यावरच्या दोन पाळ्यांच्या मधल्या एका फेरीत हे पक्षी ३,६०० ते १५,००० किलोमीटर उडले होते. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरवर आहे, आणि हा पक्षी तेवढं उडून पुन्हा त्याच घरट्यावर, त्याच जोडीदारासमोर येऊन उतरतो.

हे जमतं ते वाऱ्याच्या जोरावर. लाटांना घासून वाहणारा वारा मंद असतो, दहा-पंधरा मीटर वर तो जोरात असतो. अल्बट्रॉस वाऱ्याला सामोरा होऊन वर चढतो, वळतो, वाऱ्याबरोबर खाली झेपावतो आणि त्या झेपेत मिळालेल्या वेगावर पुन्हा वर चढतो. साडेतीन मीटरपर्यंत पसरणारे पंख उघडे धरून ठेवायला स्नायूंना कष्ट पडू नयेत म्हणून खांद्यात कण्डरेची एक खीळच असते. उडताना त्याच्या हृदयाचे ठोके घरट्यावर बसल्यावर पडतात त्याहून फारसे वाढत नाहीत. खरी दमछाक होते ती पाण्यावर उतरताना आणि पाण्यावरून उठताना. म्हणजे ज्याला प्रवास जवळजवळ फुकट आणि थांबणं महाग, असा हा प्राणी आहे.

पण प्रवास स्वस्त आहे म्हणून कुणी पंधरा हजार किलोमीटर भटकत नाही. भटकावं लागतं, कारण समुद्राचा बहुतेक भाग खाणाऱ्याच्या दृष्टीने उजाड असतो. उजेड वरच्या शे-दोनशे मीटरांत मिळतो, तर खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, लोह, खालच्या गार पाण्यात साठलेलं असतं. ही दोन्ही जिथे एकत्र येतात तिथेच सूक्ष्म वनस्पतीप्लवक वाढतं. त्यावर प्राणीप्लवक आणि क्रिल जगतात, त्यांच्यावर मासे आणि म्हाकूळ, आणि मग मोठे शिकारी. गाठ पडण्याच्या जागा थोड्या असतात. दोन प्रवाह एकमेकांना घासतात ती सीमा, प्रवाहातून सुटून गरगरत निघालेल्या भोवऱ्याची कड, पाण्याखालच्या पठाराचा उतार, बर्फाची किनार. अन्न समुद्रभर पसरलेलं नसतं. ते रेघांवर, कडांवर आणि थरांत असतं, आणि यातल्या बऱ्याचशा रेघा जागा बदलत राहतात.

दक्षिण महासागराची आणखी एक तऱ्हा आहे. तिथे नायट्रेट भरपूर आहे, कमी पडतं ते लोह. क्रोझेच्या पूर्वेला केर्गेलेन बेटं आहेत. रेखांश पाहिला तर मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, तीनएक अंशांच्या फरकाने. या बेटांभोवतीचं पठार समुद्राखाली दूरवर पसरलेलं आहे आणि त्यावरून जाणारा प्रवाह तळाचं लोह वर आणतो. उपग्रहाच्या चित्रांत उन्हाळ्यात बेटांच्या पूर्वेला शेकडो किलोमीटर लांब हिरवा पट्टा दिसतो, तो या लोहाचा. भोवतालचं पाणी तसंच गार आणि तितकंच उजेडातलं असूनही हिरवं नसतं.

शेकडो किलोमीटरवरची अशी जागा पक्ष्याला कळते कशी? दृष्टी फार तर काही दहा किलोमीटर पोचते. बाकी काम नाक करतं, आणि हे मान्य व्हायला पक्षीशास्त्राला बराच काळ लागला, कारण पक्ष्यांना वास येत नाही असं पाठ्यपुस्तकं ठरवून बसली होती. वनस्पतीप्लवकाच्या पेशी प्राणीप्लवकाने कुरतडल्या की त्यांतून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू निघतो. समुद्राचा वास म्हणून आपण जे हुंगतो त्यात याचा मोठा वाटा आहे. १९९५ साली गॅब्रिएल नेव्हिट आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की समुद्रावर हा वास सोडला तर पेट्रेल जातीचे काही पक्षी त्याच्याकडे वळतात. चतुराई अशी, की हा वास नुसत्या हिरवळीचा नाही. कुणीतरी ती हिरवळ खातंय, याचा तो वास आहे.

अल्बट्रॉसचं प्रकरण थोडं निराळं निघालं. त्याला माशाचा, म्हाकुळाचा थेट वास लागतो. पक्ष्याच्या पोटात तापमान मोजणारं यंत्र ठेवलं की घास कधी गिळला ते नेमकं कळतं, कारण गार समुद्रातला मासा पोटात गेला की तापमान घसरतं. मग त्या क्षणाआधीची त्याची वाट नकाशावर तपासायची. नेव्हिट आणि वायमर्सकिर्श यांनी २००८ साली ही जोड लावली तेव्हा जवळपास निम्म्या घासांपूर्वीची वाट वासामागे जाण्याच्या नमुन्यात बसली: वाऱ्याला आडवं उडत राहायचं, वासाची पट्टी लागली की वाऱ्याला सामोरं वळायचं, कधी सरळ, कधी नागमोडी. समुद्रावर रेघोट्या मारत भरकटणारा पक्षी भरकटत नसतो, तो वारा हुंगत असतो.

हे झालं समुद्राच्या पृष्ठभागावरचं जग. अल्बट्रॉसला बुडी मारता येत नाही म्हटलं तरी चालेल. जेमतेम मीटरभर खाली जे आहे किंवा मरून वर तरंगतंय, तेवढंच त्याचं. त्याच बेटांवर राहणाऱ्या किंग पेंग्विनचा समुद्र वेगळाच आहे.

क्रोझेच्या दक्षिणेला, साधारण ५० अंशांच्या आसपास, अंटार्क्टिकाचं गार पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याखाली बुडतं. या सीमेला ध्रुवीय सीमा म्हणतात. पिल्लू वाढवणारा किंग पेंग्विन उन्हाळ्यात तीनशे ते पाचशे किलोमीटर पोहून तिथे जातो, पोट भरतो आणि तेवढंच पोहून परततो. त्याला हवे असतात अंगावर उजेडाचे ठिपके असलेले, बोटभर लांबीचे मिक्टोफिड मासे. हे मासे रात्री पृष्ठभागाजवळ येतात आणि दिवसा खोल उतरतात. पेंग्विन मात्र डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून त्याला दिवसाच, म्हणजे मासे खोल असतानाच, खाली जावं लागतं: शंभर-दोनशे मीटर, प्रसंगी तीनशेच्याही पुढे. ध्रुवीय सीमेपाशी गार थर वर आलेला असतो, त्याच्याबरोबर मासेही त्यातल्या त्यात वर आलेले आणि दाटीने असतात. श्वास रोखून जाणाऱ्याला पन्नास मीटरांचा फरक फार मोठा असतो. एवढ्यासाठी तो एवढं अंतर पोहतो.

या व्यवस्थेत वेळ चुकली तर काय, याचीही सोय पेंग्विनने केलेली आहे आणि ती मला सगळ्या प्रकरणात सर्वांत नवलाची वाटते. अंडं फुटायच्या सुमाराला ते सांभाळत बहुधा नर असतो. मादी समुद्रावरून वेळेत परतली नाही तर नव्या पिल्लाला भरवायचं काय? नर पोटात मासे साठवून आलेला असतो आणि ते न पचवता, न सडवता तीन आठवड्यांपर्यंत राखून ठेवतो. त्याच्या जठरात स्फेनिसिन नावाचं जंतूंना मारणारं प्रथिन सापडलेलं आहे. सदतीस-अडतीस अंशांच्या उबेत तीन आठवडे मासा टिकवणं म्हणजे काय, हे मासळी विकणाऱ्या कुणालाही विचारावं.

तरीही सीमा फारच दूर गेली तर कोणतीही सोय पुरत नाही. १९९७ साली दक्षिण हिंदी महासागराचं तापमान असं काही बदललं, की ध्रुवीय सीमा क्रोझेपासून बरीच दक्षिणेला सरकली. अंगावर यंत्रं असलेल्या पेंग्विनांच्या नोंदी हाताशी होत्या. त्यांचा प्रवास जवळपास दुप्पट झाला, बुड्या अधिक खोल झाल्या, आणि त्यानंतर वसाहतीत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. समुद्रातून अन्न नाहीसं झालं नव्हतं. ते होतं, फक्त पिल्लाला भूक सोसवेल एवढ्या वेळात जाऊन येण्याच्या अंतरावर राहिलं नव्हतं. याच क्रोझे समूहातल्या इल ओ कोशों बेटावर १९८०च्या दशकात किंग पेंग्विनांची जगातली सर्वांत मोठी वसाहत होती, सुमारे पाच लाख जोड्यांची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रहचित्रांवरून तिथे ६० हजारांच्या आसपासच जोड्या उरल्याचं दिसलं. घसरण १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली होती. तिचं सगळं खापर सरकलेल्या सीमेवर फोडता येत नाही. रोगराई आणि गर्दीचीही शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. पण तारखा जुळतात हे खरं.

आणखी खाली उतरलं की एलिफंट सीलचं राज्य. केर्गेलेनवरच्या माद्या कात टाकून झाली की सात-आठ महिने समुद्रातच असतात. दिवस-रात्र बुडी, वर येऊन दोन-तीन मिनिटं श्वास, पुन्हा बुडी. नेहमीची खोली चारशे ते सहाशे मीटर, नेहमीचा वेळ वीस-पंचवीस मिनिटं, आणि सर्वांत खोल बुड्या दोन हजार मीटरच्याही पुढच्या नोंदलेल्या आहेत. तिथे सूर्याचा उजेड नाही. उजेड असतो तो माशांच्या आणि म्हाकुळांच्या अंगचा, आणि सील त्याच्याच मागावर असते असं मानायला चांगला पुरावा मिळाला आहे.

सीलच्या डोक्यावरच्या केसांना यंत्र चिकटवता येतं आणि पुढची कात पडली की ते आपोआप गळून जातं. ही यंत्रं खोली, तापमान आणि खारटपणा मोजतात आणि सील वर आली की उपग्रहाकडे धाडतात. हिवाळ्यात बर्फाखाली जहाज जात नाही, तरंगती यंत्रंही तिथे क्वचितच टिकतात, सील मात्र जाते. त्यामुळे अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राच्या मोजमापांचा मोठा वाटा आज प्राण्यांनी आणलेला आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केप डार्नलीपाशी गोठणाऱ्या समुद्रातून जगातलं सर्वांत जड, गार तळपाणी तयार होतं, ही गोष्ट पक्की करायला सीलच्या नोंदींची मदत झाली. तो अभ्यास २०१३ साली छापला गेला.

पण मला जास्त आवडते ती दुसरी युक्ती. एलिफंट सील मधूनमधून पोहणं थांबवून पाण्यात अंग नुसतं सोडून देते आणि तरंगत खाली जाते. बहुधा तीच तिची विश्रांती. हडकुळी सील पटकन बुडते, चरबी चढलेली सावकाश, आणि फारच चरबी असेल तर ती उलट वर येते. म्हणजे बुडण्याचा वेग महिनोन्महिने मोजत गेलं की ती कोणत्या दिवशी, कोणत्या पाण्यात लठ्ठ झाली याचा हिशोब मिळतो. प्राणी कुठे गेला हे उपग्रह सांगतो. तिथे जाऊन त्याचं भलं झालं का, हे चरबी सांगते, आणि कुरण कुठलं हे ठरवायला दुसरीच गोष्ट लागते.

कुरण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. पावसाळा सरला की पुणे-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरतात. कोणत्या शिवारात नेमका किती चारा उरला आहे हे त्यांना घरातून निघताना माहीत नसतं, पण कोणत्या बाजूला जायचं हे माहीत असतं. बाकीचं वाटेवर ठरतं. समुद्रातले शिकारी साधारण असंच करतात. एलिफंट सील पुष्कळदा वर्षानुवर्षं त्याच विस्तीर्ण भागाकडे जाते, यंदा तिथे चांगलं मिळालं नसलं तरी. त्या भागात पोचल्यावर भोवरा कुठे आहे, कड कुठे आहे, हे ती नव्याने शोधते. दूरच्यासाठी सवय आणि जवळच्यासाठी नाक-डोळे.

उष्ण समुद्रात हा शोध आणखी कठीण असतो, कारण तिथे अन्न अधिकच विरळ. मोझांबिक खाडीतल्या युरोपा बेटावरचे फ्रिगेटबर्ड हे त्याचं उदाहरण. या पक्ष्याच्या पिसांना पुरेसं तेल नाही, त्यामुळे समुद्रपक्षी असून तो पाण्यावर बसू शकत नाही. ट्यूना आणि डॉल्फिन खालून हाकलतात तेव्हा उसळणारे उडते मासे आणि म्हाकूळ तो वरच्यावर टिपतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या वाटा प्रवाहांच्या नकाशावर ठेवल्या, तर तो भोवऱ्यांच्या पोटात नव्हे, त्यांच्या कडांच्या बारीक रेघांवर खाताना दिसला. या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत. उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या उंचीवरून गणित करून त्या काढाव्या लागतात. पक्षी त्यांवर कसा पोचतो? वासाने, पाण्यावरच्या फेसाच्या पट्ट्यांवरून, की आधी पोचलेले पक्षी पाहून, यावर वाद आहे. बहुधा तिन्ही.

आपला अरबी समुद्र या सगळ्यात उलट्या घड्याळाने चालतो. इतरत्र उन्हाळ्यात कुरणं फुलतात, इथे ती मोसमी वाऱ्यावर फुलतात. जूनपासून नैर्ऋत्य वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं आणि समुद्र हिरवा होतो. अंटार्क्टिकाच्या आसपास वीण करणारं विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचं चिमणीएवढं पाखरू तिकडचा हिवाळा चुकवायला थेट इथवर येतं आणि लाटांवर पाय आपटत, नाचत खातं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर वादळाने फेकलेले मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी दमलेले सापडतात, तेही याच कुरणांवर आलेले पाहुणे. आणि अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे तर जगातल्या बाकी हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत. पावसाळा त्यांना घरपोच अन्न देतो, मग ते कशाला जातील? २०१७ साली ओमानजवळ यंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी आली, दक्षिणेकडे मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि ओमानला परतली. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या छोट्या वंशातले २४२ देवमासे मारले होते. जहाजांनाही कुरण कुठे आहे ते कळलेलं होतं.

इथून पुढची गोष्ट जहाजांचीच आहे. मच्छीमार आणि अल्बट्रॉस एकाच रेघेच्या मागावर असतात, म्हणून त्यांची गाठ पडते आणि ती अपघाताने पडत नाही. ट्यूनासाठी सोडलेली लाँगलाइन शंभर किलोमीटरपर्यंत लांब असते, तिला हजारो गळ आणि प्रत्येक गळाला आमिष. दोरी बुडण्याआधी पक्षी आमिषावर झडप घालतो, गळाला अडकतो आणि दोरीबरोबर खाली जातो. क्रोझेच्या माद्या नरांपेक्षा उत्तरेकडे, कोमट पाण्याकडे जातात, आणि ट्यूनाच्या बोटी तिथेच असतात. त्यामुळे माद्या जास्त मेल्या आणि नरांना जोडीदार मिळेना. १९९१ साली नायजेल ब्रदर्स या अभ्यासकाने अंदाज मांडला, की दक्षिण महासागरातल्या जपानी बोटींमुळे वर्षाला ४४,००० अल्बट्रॉस मरत असावेत. उपाय महागडे नाहीत: दोरीमागे रंगीत फिती फडकवणं, गळ रात्री सोडणं, दोरीला वजन लावून ती लवकर बुडवणं. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या टूथफिश मासेमारीत ते सक्तीचे झाले आणि काही हजारांवर गेलेले मृत्यू दहाएक वर्षांत जवळजवळ शून्यावर आले. जिथे देखरेख आहे तिथे प्रश्न सुटतो.

देखरेख नसेल तिथे पक्षीच देखरेख करतील, ही वायमर्सकिर्श यांची पुढची कल्पना. २०१८-१९ मध्ये त्यांच्या चमूने १६९ अल्बट्रॉसांवर जहाजाचा रडार ओळखणारी यंत्रं बसवली. पक्ष्यांना ३५३ जहाजं भेटली आणि त्यांतल्या सुमारे २८ टक्के जहाजांनी आपला ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. रडार मात्र धडक टाळण्यासाठी चालू ठेवावाच लागतो.

संरक्षित क्षेत्रांचं काय? ती आखली जातात आणि मोठी आखली जातात. क्रोझे-केर्गेलेनभोवतीचं फ्रेंच राखीव क्षेत्र २०२२ मध्ये सोळा लाख चौरस किलोमीटरांच्या पुढे गेलं. २०२० साली दक्षिण महासागरातल्या १७ जातींच्या चार हजारांहून अधिक प्राण्यांच्या वाटा एकत्र करून कुठे गर्दी होते त्याचा नकाशाही तयार झाला. माझ्या मते हे नकाशे हवेतच. पण ध्रुवीय सीमा राखीव क्षेत्राची हद्द पाहून थांबत नाही, आणि हद्दीबाहेर खुला समुद्र आहे. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०२३ साली मंजूर झाला, २०२६च्या जानेवारीत लागू झाला.

हद्दीच सरकत्या ठेवण्याचा एक प्रयोग हवाईजवळ २००६ पासून चालू आहे. लॉगरहेड कासवं उत्तर प्रशांत महासागरात तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यात, साडेसतरा ते साडेअठरा अंशांच्या पाण्यात, जास्त सापडतात. अमेरिकी सरकारचे शास्त्रज्ञ उपग्रहाच्या नोंदींवरून तो पट्टा आत्ता कुठे आहे याचा ताजा नकाशा काढतात आणि लाँगलाइनच्या बोटींना सांगतात, इथे गळ टाकू नका. हा सल्ला आहे, सक्ती नाही. आणि बोटींची अडचणही खरी आहे: त्यांना हवा असलेला स्वोर्डफिश त्याच सीमेच्या आसपास, त्याच कारणाने जमलेला असतो.